येऊन राह्यलं काय?

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवाल्याशी भांडत होते. दुपारची वेळ, डोक्यावर ऊन, आणि तो सिलिंडर फाटकाशीच टेकवून निघालेला. आत कोण आणणार, असं मी जरा चढ्या आवाजात विचारत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कुंदावहिनी, मधुभाऊंची बायको. आवाज अगदी रोजचा. "तुझे भाऊ गेले वो," त्या म्हणाल्या. "जेवून लवंडले, ते उठलेच नाई." मग जरा थांबून... "येशील तं जेवून येजो. आज आमच्या घरी चूल नाई." मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. गॅसवाल्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता सिलिंडर उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. माझ्या भांडणाला एवढं निर्विवाद यश कधी आलं नव्हतं, आणि ते मधुभाऊंना सांगायला हवं, असं त्या क्षणी मला खरोखर वाटलं.

त्याला आता काही आठवडे झालेत. मी रागीट बाई आहे आणि मधुभाऊ हसरे गृहस्थ होते, या एका गोष्टीवर आमची सगळी मैत्री उभी होती. मी पुलगावजवळच्या नाचणगावची, लग्न होऊन वर्ध्याला आले, एका शाळेत शिकवत होते. नागपुरात खासगी एफएम स्टेशनं निघाली, तेव्हा त्यातल्या एकात लेखिका म्हणून लागले. मधुभाऊ तिथं निवेदक होते. दोघंही वर्ध्याहून रोज अपडाउन करायचो. जाताना मी स्क्रिप्ट खरडत बसे आणि ते डब्यातल्या प्रत्येकाशी बोलत. त्यांना खिडकी नको असे. "खिडकीतून कोनाशी बोलू वो?" असं ते विचारत.

ते मूळचे हिंगणघाटचे. बाजारात घरचं भांड्यांचं दुकान. तरुणपणी त्यांना गादीवर बसवलं की ते गिऱ्हाइकाशी इतके रंगत, की गिऱ्हाईक घागर न घेताच हसत हसत घरी जाई. शेवटी थोरल्या भावानं, शंकरभाऊंनी, त्यांना गादीवरून उठवून रिक्षात बसवलं, भोंगा बांधून, दिवाळीच्या सेलचा पुकारा करायला. शंकरभाऊंना वाटलं ब्याद टळली. पण रिक्षा फिरली त्या गल्लीतल्या बायका नुसतं ऐकायला दारात येऊ लागल्या, आणि मधुभाऊंना कळलं की आपलं दुकान वेगळं आहे. पुढं ते नागपूरला गेले, आवाजाची परीक्षा दिली आणि रेडिओत शिरले. शंकरभाऊंनी त्यावर एकच वाक्य बोलून ठेवलं होतं: "तोंडाच्या वाफेवर भात शिजत नाई." ते वाक्य मधुभाऊ मोठ्या प्रेमानं सगळ्यांना सांगत, पण सांगून झालं की लगेच विषय बदलत. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक तास. आपल्या घरच्या बोलीत, आपल्या माणसांसाठी, रोज लागणारा आणि टिकणारा एक तास. स्टेशनच्या साहेबांना ते हे दर थोड्या दिवसांनी सांगत, आणि साहेब म्हणत, "मधुकरजी, मार्केट नागपूर का है. वर्धा में कौन सुनता है?"

टिकणारा, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. कारण आमच्या स्टेशनवर काहीच टिकत नसे. दिवसभर काय वाजवायचं, कुणी कसं बोलायचं, याला तिथं फॉरमॅट म्हणत, आणि तो मुंबईत ठरत असे. नागपूर मोठं मार्केट, पण कोड्यात टाकणारं, असं मुंबईचं मत होतं. मग ते कोडं सोडवायला दर काही महिन्यांनी नवा फॉरमॅट यायचा, आणि जुना एका फोनवर मरायचा. पहिला आला गझलांचा. नागपूरकर दर्दी आहेत, असं कुणीतरी साहेबांच्या साहेबांना सांगितलं होतं. ते खरंही असेल, पण ऐन मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, दुपारी दोन वाजता दर्द कुणाला झेपतो? सगळं शहर झोपी गेलं. मधुभाऊंना हुकूम होता की कुजबुजल्यासारखं बोला. भोंग्यावर तयार झालेला आवाज तो! ते घरी स्वयंपाकघरात कुजबुजायचा सराव करू लागले, तर वहिनींना वाटलं घसा बसला, आणि त्यांनी आठवडाभर हळदीचं दूध पाजलं.

मग आली फक्त प्रेमगीतं. मधुभाऊंचे केस तेव्हा कानांवर पिकलेले. त्यांना हवेवर 'मोहित' हे नाव मिळालं आणि प्रेमात पडलेल्यांना सल्ला देण्याचं काम. कोराडीच्या एका तरुणानं विचारलं, "सर, तिला कसं सांगू?" मुंबईनं यासाठी माझ्याकडून चंद्र, समुद्र वगैरे घातलेली उत्तरं लिहून घेतली होती. नागपुरात समुद्र! मधुभाऊंनी माझा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "पहिले तिच्या मायले भेट. गुडघे कसे हायेत इचार. मंग पाहू." तो फॉरमॅटही गेला, पण तो तरुण पुढं बायकोला आणि सासूला घेऊन स्टेशनवर पेढे द्यायला आला. त्यानंतर आला भक्तिसंगीताचा. पहाटेपासून भजनं, आरत्या. एक दिवस आरती संपता संपता, घंटेचा नाद अजून हवेत असताना, मटन मसाल्याची झणझणीत जाहिरात लागली. जाहिरातीचा करार मागच्या फॉरमॅटमधला होता आणि तो काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फोनवर जे शिव्याशाप आले, ते मी घेतले, कारण मला उलट बोलता येतं. एक म्हातारे गृहस्थ मात्र वेगळंच म्हणाले, की मसाला कुठल्या दुकानात मिळतो तेवढं सांगा, एकादशी उद्या सुटते.

नुसत्या गप्पांचाही एक फॉरमॅट झाला. गाणी बंद, श्रोत्यांनी फोन करायचा आणि बोलायचं. नागपूरचा माणूस पानठेल्यावर तासन् तास बोलेल, पण बोला म्हटलं की गप्प. फोनच येईनात. मग मी शेजारच्या खोलीतून फोन करू लागले. सकाळी बुटीबोरीची शोभा, दुपारी कामठीची शोभा. "शोभाताई, आवाज ओळखीचा वाटून राह्यला," असं मधुभाऊ हवेवर निर्लज्जपणे म्हणत, आणि काचेपलीकडून माझ्याकडे पाहून भुवया उडवत.

प्रत्येक फॉरमॅट गेला की मी पेटत असे. लिहिलेले कागद फाडत असे, राजीनाम्याची भाषा करत असे. मधुभाऊ तेरवी घालत, म्हणजे तेराव्याचं जेवण. खरंच सांगते. येत्या रविवारी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या त्यांच्या घरी आम्हा सगळ्यांना जेवण असे, वडाभात, कढी, बुंदी, रीतसर. जेवणानंतर दोन नियम. मेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नाही, प्रत्येकानं एकेक चांगली गोष्ट सांगायची. आणि घरी जाताना त्याची एक वस्तू सोबत न्यायची. वस्तू म्हणजे खरीखुरी नव्हे, त्या फॉरमॅटमधलं काहीतरी, जे आपण पुढं वापरू. मधुभाऊंनी स्वतः गझलांमधून गाण्याआधी थोडं थांबणं उचललं, प्रेमगीतांमधून श्रोत्याच्या घरच्यांची चौकशी, भक्तीमधून सकाळचा रामराम. "मेला मनजे सगळा वाया गेला काय?" असं ते म्हणायचे. मला तेव्हा हा सगळा पोरखेळ वाटे, पण वडाभात चांगला असे, म्हणून मी जात असे. वहिनींच्या हातचं तेल ओतलेलं ते पान मी कुठल्याही तत्त्वासाठी सोडलं नसतं.

आणि त्यांची आणखी एक सवय होती, तिच्यातूनच पुढचं सगळं झालं. आमच्या स्टेशनचा आवाज कागदोपत्री वर्ध्याच्या अलीकडेच संपायचा. पण वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीत रेडिओ ठेवला होता, आणि त्याच्या एरियलच्या काडीला वायर जोडून तिचं दुसरं टोक अंगणात कपडे वाळवायच्या तारेला गुंडाळलं होतं. त्यामुळे नागपूर लागत असे. फक्त तारेवर ओली गोधडी पडली की जात असे. मधुभाऊ संध्याकाळी सहाच्या पाळीला बसले की पहिला फोन घरी लावत, स्टेशन लागतंय का हे विचारायला. "कुंदे, येऊन राह्यलं काय?" वहिनी म्हणत, "येऊन राह्यलं." नाहीतर म्हणत, "खरखर हाये, गोधडी हाये तारेवर." मग ते म्हणत, "काढ न मंग." आणि वहिनी कधीच काढत नसत. इतक्या वर्षांत एकदाही नाही. गोधडी वाळणं महत्त्वाचं.

गप्पांचा बोजवारा उडाल्यावर मुंबईनं दुसरं टोक गाठलं. आता फक्त गाणी, बोलणं बंद. निवेदकानं तासाला एकदा वेळ सांगायची आणि माइकची पट्टी खाली ओढून, तो बंद करून, गप्प बसायचं. मधुभाऊंना गप्प बसवणं म्हणजे वेणा नदीला गप्प बसवणं. त्या संध्याकाळी त्यांनी वेळ सांगितली आणि नेहमीसारखा घरी फोन लावला, स्पीकरवर. आणि पट्टी खाली ओढायची राहिली. गाण्याच्या जागी सगळ्या नागपूर मार्केटनं ऐकलं ते हे:

"कुंदे, येऊन राह्यलं काय वो?"

"येऊन राह्यलं, पन खरखर हाये. गोधडी हाये न तारेवर."

"काढ न मंग."

"वल्ली हाये ते! तुमच्या रेडिओपायी वल्ली गोधडी घडी करू काय?"

"बरं, राहू दे. भाजी काय केली?"

"वांगं."

"आज बी वांगंच? काऊन वो, मी काय बिघडवलं तुयं?"

"तुमच्याच भावानं धाडले न हिंगणघाटहून, थैलीभर. त्याईले इचारा."

मी काचेवर हात आपटत होते. मधुभाऊंनी माझ्याकडे पाहून हात हलवला, त्यांना वाटलं मी वांग्यावर हसते आहे. मग त्यांची नजर पट्टीवर गेली. चेहरा पांढराफटक. आणि त्याच वेळी फोन वाजू लागले. एक, दुसरा, सगळेच. मी उचलला तर सिंदीहून एक बाई ओरडून सांगत होत्या, "हो म्हना त्याईले, आमच्याकडे येऊन राह्यलं!" दुसरा बुटीबोरीचा, "इकडं येऊन राह्यलं, एकदम साफ!" तिसरा सेलूचा, "वांग्यात तिळाचा कूट घालाले सांगा वहिनीले." गप्पांच्या फॉरमॅटमध्ये ज्यांनी कधी फोन केला नाही, ती सगळी माणसं मधुभाऊंच्या बायकोला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होती. साहेब धावत आले, लाल झालेले. आधी ओरडले, मग फोनच्या आवाजात त्यांना स्वतःचंच ओरडणं ऐकू येईना, मग ते खुर्चीत बसले. "ये कौन सी भाषा है?" त्यांनी विचारलं. मधुभाऊ म्हणाले, "घर की है, साहब."

आणि तो तास मिळाला. संध्याकाळी सहा ते सात, 'येऊन राह्यलं काय?' सुरुवात वहिनींना फोन करून, पुढं ज्याचा येईल त्याचा फोन. मला लिहायला काही उरलंच नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग आला नाही. मी फोन घ्यायचे आणि हसायचे. कुणी जावयाची तक्रार करी, कुणी कापसाचा भाव सांगे, एक मास्तर रोज फक्त त्यांच्या गावात ढग आहेत का, ते सांगायला फोन करत. रेंजच्या पलीकडच्या गावांतही लोक रेडिओ छपराच्या टिनांवर चढवू लागले. एक दिवस मी फोन जोडला, तर पलीकडे बराच वेळ नुसती बाजाराची गजबज. मग एक जड आवाज म्हणाला, "मधू... हिंगणघाटले येऊन राह्यलं बे. शटरवर ठेवला हाये रेडिओ. गल्ली जमा झाली हाये." शंकरभाऊ. मधुभाऊंनी ती गजबज पाच-सहा सेकंद तशीच हवेवर जाऊ दिली, आणि मग ते म्हणाले, "दादा, वांगे जास्त झाले." आम्ही सगळे रडत हसलो. मी पण, आणि मी रडत नाही.

तो फॉरमॅट सगळ्यांत कमी टिकला. जाहिरातदार येत होते, लोक ऐकत होते, पण मुंबईनं ठरवलं की आता सगळ्या शहरांत एकच कार्यक्रम वाजेल, तिथूनच. एका फोनवर गेला. मी साहेबांच्या टेबलावरची पेनं भिंतीवर फेकली, त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. साहेब बिचारे ती एक एक वेचत म्हणाले, "मुझे भी अच्छा लगता था." परतीच्या गाडीत मधुभाऊ पहिल्यांदा खिडकीशी बसले. बुटीबोरी गेलं, सिंदी गेलं... मला ते गप्प बसणं सहन होईना. मी कडवटपणे विचारलं, "मग, तेरवी कधी?"

ते वळले तेव्हा डोळे ओले होते, पण तोंडावर तेच हसू. "ह्याची नाई करायची."

"का?"

"मेलं काय ते? कुंदा हाये, फोन हाये, सहा तं रोजच वाजतात. तू काऊन सुतकी चेहरा करून राह्यली?"

ही म्हणायची गोष्ट आहे असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून मधुभाऊंनी खरंच संध्याकाळी सहाला एका माणसाला फोन करायला सुरुवात केली. त्या तासाला बोलणाऱ्यांपैकी एकाला, रोज वेगळ्या. "येऊन राह्यलं काय?" एवढंच विचारायचं, मग भाजी काय, ढग आहेत का, गुडघे कसे. मला गुरुवारी यायचा, बरोबर कणीक मळताना. मी दरवेळी चिडून म्हणायचे, "हात भरलेत माझे." ते म्हणायचे, "तोंड तं रिकामं हाये न?" स्टेशनं बदलली, नोकऱ्या सुटल्या, लोक मोबाइलवर ऐकू लागले, पण हा फोन शेवटपर्यंत चालू होता.

त्यांच्या तेरवीला अंगणात मावेनात एवढी माणसं आली. अर्ध्यांना आम्ही ओळखत नव्हतो. सेलूचे एक गृहस्थ म्हणाले, "आमचा शुक्रवार असे." शेजारी बसलेले सिंदीचे गृहस्थ दचकून म्हणाले, "शुक्रवार तं माया होता!" दोघांनी काही काळ एकमेकांकडे संशयानं पाहिलं, मग दोघंही मोठ्यानं हसले. ढगवाले मास्तर काठी टेकत आले होते. शंकरभाऊ पंगतीत वाढत होते, वयाला न शोभणाऱ्या लगबगीनं, आणि प्रत्येकाला आग्रह करत होते. वडाभात, कढी, बुंदी. जेवणं झाल्यावर कुंदावहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नेम माहीत हाये न? वाईट बोलाचं नाई. एकेक चांगलं सांगा, अन् काई तरी घेऊन जा." दुपार उतरेपर्यंत लोक सांगत राहिले. शंकरभाऊंची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले, घसा खाकरला आणि एवढंच म्हणाले, "शिजला. भात शिजला." आणि बसले.

सहाला वहिनींनी खिडकीतला रेडिओ लावला. आमचंच जुनं स्टेशन. एक तरुण मुलगी उत्साहानं सांगत होती की आजपासून इथं फक्त जुनी गाणी. सगळं अंगण हसू लागलं. वहिनी पण. "पुन्हा बदललं वाट्टे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आता असते तं आनखी एक जेवन पडलं असतं माया गळ्यात."

निघताना त्यांनी मला विचारलं, तू काय घेतलं? मी 'उद्या सांगते' म्हणत फाटक ओढलं. दुसऱ्या संध्याकाळी कणीक मळता मळता सहा वाजले, आणि मी भरल्या हातानंच वहिनींना फोन लावला. तेव्हापासून रोज लावते. माझी बोली शाळेत शिकवून शिकवून घासली गेली होती, ती आता बऱ्यापैकी परत आली आहे.

"वहिनी, येऊन राह्यलं काय वो?"

काल पलीकडून नुसती खरखर आली. मग कुठलंतरी जुनं गाणं, अर्धवट. मग वहिनींचा श्वास.

"खरखर हाये. तारेवर गोधडी हाये न."

'काढ न मंग' हे मधुभाऊंचं वाक्य होतं; मी कणीक मळत राहिले. मला वाटलं फोन कटला. मग चपला सरकवल्याचा आवाज आला, आणि वहिनी म्हणाल्या, "थांब. काढते."